प्रतीक्षा यादीत सातवी

पूर्वी जून उजाडला की उपनगरातल्या कॉलेजांच्या फाटकाशी छत्र्यांची गर्दी व्हायची. पहिली यादी, दुसरी, तिसरी... माझे विद्यार्थी मुलुंडच्या केळकर कॉलेजच्या फळ्यावर बोट फिरवत नाव शोधायचे आणि मग शाळेत पेढे किंवा पडलेला चेहरा घेऊन यायचे. २००९ पासून मुंबईत अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले. गर्दी गेली, धाकधूक मात्र आहे तिथेच आहे. २०१९ च्या जुलैत ती आमच्याच घरात मुक्कामाला होती.

नातीला गणित शिकायचं होतं. इंजिनिअरिंगला लागतं तेवढं नव्हे, नुसतं गणित. मी मराठी घेऊन बीए झालेले, पण बीज बहुधा मीच टाकलं. ती चौथीत असताना तिला देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांची गंमत दाखवली होती. चार अंकी संख्या घ्यायची (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. ३५२४ घेतलीत तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४, आणि पुढे कितीही करा, ६१७४ च. पोरीने वहीची मागची पानं भरून टाकली आणि विचारलं, "पण असं का होतं?" मला कुठलं येतंय!

तर तिने बंगळूरच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या बी.मॅथची परीक्षा दिली. महालनोबिसांनी १९३१ मध्ये कोलकात्यात काढलेली ही संस्था. तिथल्या पर्यायांच्या पेपरात बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्या उत्तराला शून्य आणि प्रश्न सोडून दिला तर १ गुण. हा नियम मला फारच आवडला. एवढी वर्षं पेपर तपासले, पण 'मला येत नाही' म्हणणाऱ्याला गुण देणारी परीक्षा पहिल्यांदाच पाहिली.

निवड यादीत नाव नव्हतं. प्रतीक्षा यादीत सातवी.

इकडे एका इंजिनिअरिंग कॉलेजात जागा मिळाली होती आणि पैसे भरायची तारीख आली होती. मुलगा म्हणाला, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागायचं? आणि गणित करून पुढे काय, शिक्षिका?" हे माझ्यासमोर! मी पोळीवर तूप लावत राहिले. तिकडे फी नाही, उलट दरमहा विद्यावेतन मिळतं, हे नातीने तीनदा सांगून झालं होतं. पण त्याची भीती पैशांची नव्हती. शेवटी इंजिनिअरिंगचे पैसे भरले.

ही यादी सरकते कशी, ते तिनेच मला समजावलं. निवड झालेल्यांपैकी बऱ्याच जणांनी आयआयटीचीही परीक्षा दिलेली असते. तिकडे फेरीफेरीने जागा मिळतात, तशी इकडची मुलं कमी होतात. मग ती म्हणाली, "आजी, मला जागा मिळायला कुणाला तरी गणित नको व्हायला हवं."

त्या दिवसापासून माझी पंचाईत झाली. रोज देवाला फूल वाहताना मी नातीसाठी मागत होते. आता मागायचं काय? ज्याला मनापासून संगणक हवाय त्याला तो मिळो, इतपत ठीक. पण असंही एखादं घर असेल, जिथे असाच बाप, असाच वाद, आणि बाप जिंकला. जागा तिथूनही रिकामी होऊ शकत होती. मी फूल वाहायचं सोडलं नाही, मागणं तेवढं थांबवलं.

साताचे चार झाले. चारावर यादी अडकली ती अडकलीच. नात जेवेना, बोलेना, नुसतं मोबाइल उलटा ठेवायची नि सुलटा करायची. मग एका दुपारी ईमेल आला. मुलाने तो दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला, आणि काही न बोलता कल्याणहून उद्यान एक्स्प्रेसची तिकिटं बघायला बसला. तीही वेटिंगवरच! इंजिनिअरिंगचे पैसे परत मिळाले, थोडे कापून. असो.

दिवाळीत ती घरी आली तेव्हा मी विचारलं, तुझ्याआधी ती जागा कुणाची होती, कळलं का गं? तिलाही माहीत नव्हतं. "मी पण विचार करते कधीकधी," एवढंच म्हणाली आणि चकली घेऊन गच्चीवर गेली.