म्हणीतला मालक

घोडं मेलं ओझ्यानं, शिंगरू मेलं हेलपाट्यानं. या म्हणीत मालक कुठं आहे? ओझं कुणीतरी लादलं असणारच. हेलपाटे घालायला मात्र कुणी सांगितलं नव्हतं. शिंगरू आपलं आईमागून चालत राहिलं. पाठीवर चिंधीसुद्धा नाही. पंचनामा केला, तर मरणाचं कारण काय लिहायचं?

कर्जत तालुक्यातल्या माथेरानचा हातरिक्षावाला यातलं घोडं की शिंगरू, हे माझं ठरत नाही. डोंगर राखायचा म्हणून तिथं मोटारींना बंदी. 2003 मध्ये केंद्राच्या अधिसूचनेनं तो परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशीलही ठरला. बंदी चांगलीच, मी तिच्या बाजूचा. पण माणसानं माणसाला ओढणं नियमात बसत होतं आणि ई-रिक्षा बसत नव्हती. बॅटरीवरची झाली तरी ते वाहनच! 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ई-रिक्षांच्या प्रयोगाला मुभा दिली. हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, हे सांगायला ऑगस्ट 2025 उजाडलं. तोवर प्रत्येक टेबलावरच्या माणसानं आपलं काम चोख केलं असेल, अशी मला भीती वाटते.

घटनेला हात न लावता, नुसता कारभार बदलूनही ती बिघडवता येते, असा इशारा आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत दिला होता. इथं तर कुणी काही बदललंही नव्हतं.

अशा वेळी मला ह्यू मॅलेट आठवतो. ठाण्याचा कलेक्टर. मे 1850 मध्ये खालापूरकडच्या चौकला त्याचा मुक्काम होता. डोंगर दिसला, चढला. पुढं वर घरही बांधलं. माथेरान त्यानं शोधलं म्हणतात. ठाकर, कातकरी, धनगर त्या रानात वावरतच होते. पण शोध लागायला कलेक्टर लागतो. असा मनाला येईल तो डोंगर चढणारा अधिकारी हवा की नको? हातरिक्षेच्या फायलीवर हवा होता, असं वाटून जातं. मग तोच उद्या मोटारबंदीही आपल्या मर्जीनं उठवेल, तेव्हा मी कुठल्या तोंडानं नियम दाखवणार?

शिवाय घोडेवाले आहेतच. ई-रिक्षा आली तर आमचं काय, म्हणत तेही कोर्टात गेले. त्यांचं पोट त्याच बंदीवर चालतं. हातरिक्षेचा निकाल वाचून मला मोकळं वाटलं होतं. त्यांचं म्हणणं वाचलं, तर तेही खोटं वाटेना.