एका वर्गातल्या अनेक इयत्ता

शाळेचा अभ्यासक्रम इयत्तेसाठी लिहिला जातो, शिकवावा मात्र मुलांना लागतो. कागदावरची तिसरी एकच असते. वर्गातल्या तिसरीत एखादी मुलगी गोष्टींची पुस्तके घरी नेऊन वाचते, एखादा मुलगा काना-मात्रेपाशी अडखळतो, एकाला मराठी नुकती कुठे कळू लागली आहे आणि एक दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणार आहे. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत याच खोलीत चौथी आणि पाचवीही बसलेली असते. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांप्रमाणे पहिली ते पाचवीचा पट साठपर्यंत असेल तर दोन शिक्षक मिळतात. पाच इयत्ता दोघांनी वाटून घेणे हा अशा शाळांचा रोजचा कारभार आहे, अपवाद नव्हे.

२००९ च्या या कायद्याच्या २४ व्या कलमात शिक्षकाची कर्तव्ये सांगितली आहेत. ठरलेल्या मुदतीत संपूर्ण अभ्यासक्रम पुरा करणे हे त्यातले एक. त्याला लागूनच दुसरे येते, प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून लागेल तिथे जादा शिकवणे. तपासणीत विचारले जाते ते पहिले, कारण संपलेले धडे मोजता येतात. वेगवेगळ्या गरजांच्या मुलांसाठी शिक्षणक्रम घडवणाऱ्याचे काम या दोन कर्तव्यांचा मेळ घालण्याचे आहे. राज्याचा आराखडा, अध्ययन निष्पत्ती आणि बालभारतीची पुस्तके यांनी कुठे पोचायचे ते ठरवून दिलेले असते आणि ते सर्वांसाठी सारखेच असावे. ठिकाण खाली आणले की गरीब, आदिवासी आणि अपंग मुलांच्या वाट्याला कायमची पातळ आवृत्ती येते. बदलायच्या त्या बाकीच्या गोष्टी: सुरुवात कुठून, क्रम कोणता, वेळ किती, साधन काय आणि शिकल्याचा पुरावा कोणत्या रूपात घ्यायचा.

सुरुवात कुठून करायची हे मूल दाखवते. त्यासाठी चाचणी लागते, पण गुणांची बेरीज देणारी चाचणी इथे फारशी कामाची नाही. बेचाळिसातून सतरा वजा करायला दिले आणि दोन मुलांनी पस्तीस उत्तर काढले, तर गुणपत्रकात दोघे सारखेच चुकलेले दिसतात. विचारल्यावर निराळेच निघते. एकाने मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा एवढाच नियम धरला आहे: सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. दुसऱ्याने दशक मोकळा केला, बारातून सात बरोबर वजा केले, पण चाराचे तीन करायला विसरला. पहिल्याला दशक मोकळा करणे ही कल्पनाच माहीत नाही. त्याला काड्यांचे गठ्ठे सोडण्यापासून सुरुवात हवी. दुसऱ्याला कल्पना कळली आहे, मांडणीची सवय हवी आहे. दोघांना ‘वजाबाकी कच्ची’ असा शेरा मारून एकाच जादा तासाला बसवले तर निदान एकाचा तास वाया जातो. ‘कसे केलेस, सांग’ हा प्रश्न विचारायला मुलामागे दोनतीन मिनिटे लागतात. ती वेळापत्रकात धरलेली नसतील तर पुढचे सगळे नियोजन अंदाजावर चालते.

क्रमाचा प्रश्न वाचनात सर्वांत स्पष्ट दिसतो. आपली वर्णमाला उच्चारस्थानांप्रमाणे लावलेली आहे आणि ध्वनींचे वर्गीकरण म्हणून ती अतिशय देखणी आहे. वाचायला शिकण्यासाठी तो क्रम कोणी लावलेला नाही. त्या क्रमाने गेले तर जवळजवळ कधीच न लागणारे ङ आणि ञ मुलाला आधी भेटतात आणि शाळा, फळा, बाळ, डोळे यांतला ळ अगदी शेवटी. स्वरचिन्हे त्यानंतर. तोवर मुलाला अर्थ असलेले फारसे काही वाचता येत नाही. याउलट म, क, ल, न ही चार अक्षरे आणि काना एवढ्यावर मामा, काका, नाना, नाक, कान, काम, मका, लाल, मालक, कमान इतके शब्द पहिल्या काही दिवसांत हाती येतात. ‘काका, मका आणा’ असे काही लिहायला आणखी दोन अक्षरे पुरतात. अक्षरगट करून शिकवण्याची ही पद्धत महाराष्ट्रात अनेकांनी आपापल्या परीने वापरली. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी केलेले वाचनशिक्षणाचे काम या क्षेत्रातल्या माणसांना परिचित आहे. गट करताना आकारात किंवा ध्वनीत सारखी अक्षरे एकत्र आणायची नसतात. घ आणि ध, भ आणि म एकाच आठवड्यात शिकवले तर घोटाळा शिक्षकानेच पेरलेला असतो. ज्याला घरून पुस्तके मिळतात ते मूल कोणत्याही क्रमाने शिकते. क्रमाची खरी गरज ज्याला शाळेबाहेर अक्षर दिसत नाही त्याला असते.

बोलीचा प्रश्न याला चिकटूनच येतो. छापलेले ‘पाणी’ एखादे मूल ‘पानी’ वाचते. वऱ्हाडातले मूल ‘काळा’ पाहून ‘काया’ म्हणते. त्याने अक्षर ओळखले, शब्द ओळखला, अर्थ लावला आणि स्वतःच्या बोलीत उच्चारला. ही वाचनाची चूक नव्हे. ‘पाणी’ला ‘पान’ वाचणे ही चूक. चाचणीच्या सूचनांत हा फरक लिहून दिला नाही तर चांगली वाचणारी मुले अप्रगतांच्या यादीत जातात. प्रमाण उच्चार नंतर, मोठ्याने वाचून दाखवलेल्या गोष्टींतून आणि नाट्यवाचनातून सहज येतात. पहिलीत त्यासाठी मुलाला अडवले तर ते वाचणेच टाळू लागते.

बोलीहून पुढची पायरी वेगळ्या भाषेची. महाराष्ट्रात ‘आदिवासी भाषा’ असा एकच कप्पा केला जातो, तो अभ्यासक्रमाच्या दृष्टीने निरुपयोगी आहे. वारली मराठीला पुष्कळ जवळची. भिली आर्यकुलातली, पण स्वतंत्र चालीची. गडचिरोलीतल्या गोंडी आणि माडिया द्रविड कुलातल्या. मेळघाटातली कोरकू मुंडा कुलातली, म्हणजे मराठीशी तिचे कुळाचे नातेच नाही. डहाणूच्या वारली मुलाला जे मराठी ऐकून अर्धेअधिक कळते, ते धारणीच्या कोरकू मुलाला परक्या भाषेइतके अनोळखी असते. दोघांना पहिल्या दिवसापासून तेच मराठी पाठ्यपुस्तक देणे सोयीचे असेल, शिक्षण नव्हे. कोरकू मुलासाठी पहिल्या वर्षाचा मोठा भाग बोलण्या-ऐकण्याला द्यावा लागतो: त्याच्या भाषेतली गोष्ट, तीच चित्रांवरून मराठीत, कृतीसह सूचना, गाणी. मोजणे, वर्गीकरण आणि निसर्गाचे निरीक्षण मात्र त्याच्या भाषेत लगेच सुरू करता येते. मराठी येईपर्यंत गणित थांबवण्याचे काही कारण नाही. मातृभाषेतून शिकवण्याची तरतूद शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमात ‘शक्य तितके’ अशा शब्दांत आहे. व्यवहारात शक्यता ठरते ती गावातली भाषा जाणणारी एखादी ताई वर्गात बसते की नाही यावर.

मुलाच्या आयुष्याप्रमाणे शाळेची घडी बदलण्याचे महाराष्ट्रातले सर्वांत धाडसी उदाहरण याच डहाणू परिसरातले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली मुले शाळेत येत नव्हती, कारण मोठी गुरे राखत आणि त्यांच्याहून लहान असलेली धाकट्या भावंडांना सांभाळत. मग कुरणशाळा निघाल्या. गुरे चरतात तिथेच शिक्षक गेले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणली, म्हणजे बहिणीच्या कडेवरचे मूल पाळण्यात आणि बहीण वर्गात. माँटेसरींच्या महागड्या साधनांच्या जागी बिया, शिंपले, पाने, खडे आले. या प्रयोगाचे कौतुक बहुधा सेवाभावाच्या अंगाने होते. त्यातले शिक्षणशास्त्र त्याहून मोलाचे आहे: हजेरी कमी का, याचे उत्तर त्यांनी पालकांच्या अनास्थेत न शोधता शाळेच्या रचनेत शोधले.

ऊसतोडीच्या मुलांबाबत तसेच शोधायला हवे. बीडसारख्या जिल्ह्यांतली कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. साखरशाळा, हंगामी वसतिगृहे, शिक्षण हमी कार्ड हे उपाय झाले, कमीअधिक चाललेही. पण जूनपासून एप्रिलपर्यंत एका ओळीत लावलेला पाठ्यक्रम तसाच राहिला, तर परतलेले मूल ज्या धड्यावर येते त्याचा मागचा सगळा दुवा तुटलेला असतो. अशा शाळांत घटक सुटे करावे लागतात: तीनचार आठवड्यांत पुरा होणारा प्रत्येक घटक, त्याच्या दारात ‘हे येते का’ पाहण्याची छोटी कृती आणि न येणाऱ्यासाठी मागच्या घटकाची कार्डे तयार. पूर्वज्ञानावर फार न विसंबणारे विषय, उदाहरणार्थ मापन, आकार, परिसर, स्थलांतराच्या महिन्यांत ठेवता येतात. संख्याज्ञान आणि वाचनाचा गाभा सगळी मुले हजर असतात त्या महिन्यांत. हे नियोजन राज्यपातळीवर होऊ शकत नाही. केंद्रशाळेच्या शिक्षण परिषदेत, त्या बारा-पंधरा शाळांच्या गुरुजी-बाईंनी बसून ते करायचे असते.

अपंग मुलांसाठी बदल करताना एक प्रश्न आधी विचारला की बरेच वाद मिटतात: या पाठात नेमके काय शिकायचे आहे? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकार नोंदले, त्यांत अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नताही आहेत. जलचक्र समजणे हे उद्दिष्ट असेल तर अंध मुलाने ते तोंडी सांगितले, अध्ययन अक्षमता असलेल्याने चित्रे क्रमाने लावली, कर्णबधिर मुलीने खुणांच्या भाषेत मांडले, तरी तिघांनी तेच साधले. इथे लेखनिक किंवा जादा वेळ ही मेहेरबानी नाही. उद्दिष्टच वाचन असेल तर मात्र उतारा वाचून दाखवणे म्हणजे त्या मुलाचे शिकणे काढून घेणे; तिथे मोठा टाइप, ब्रेल, कमी शब्दांचे पान असे मार्ग हवेत. विशेष शिक्षक अनेक शाळांना आठवड्यातून एखाद्या दिवशी मिळतो. त्याने मुलाला बाजूच्या खोलीत नेऊन शिकवण्यापेक्षा वर्गशिक्षकाबरोबर पुढच्या आठवड्याचे पाठ बसवले तर उरलेले दिवस सत्कारणी लागतात.

एवढ्या सगळ्या गरजा एका तासिकेत सांभाळायच्या म्हणजे प्रत्येक मुलाला वेगळा पाठ, अशी भीती घातली जाते. तसे कोणालाच जमत नाही. जमते ते असे की अनुभव एकच घ्यायचा आणि अपेक्षा वेगवेगळ्या ठेवायच्या. आठवडी बाजार हा विषय घ्या. सगळी शाळा मिळून बाजारात जाऊन येते किंवा वर्गातच मांडते. पहिली-दुसरी वस्तूंची नावे सांगते, चित्रांखाली शब्दपट्ट्या लावते, वीस रुपयांत काय येईल ते नाण्यांनी जुळवते. तिसरी यादी लिहून बिल करते. चौथी-पाचवी किलो-ग्रॅमचे भाव काढते, नफा-तोटा मांडते, भाजीवालीची मुलाखत घेऊन परिच्छेद लिहिते. ज्याला पाचवीत असून लिहिता येत नाही तो मुलाखतीचे प्रश्न ठरवतो आणि दुसऱ्याने लिहिलेले वाचण्याचा प्रयत्न करतो. त्याच्यासाठी तोच मजकूर उद्याचा वाचनपाठ होतो. शिक्षक मात्र एका वेळी एकाच गटाजवळ बसू शकतो. म्हणून तासिकेत एक गट शिक्षकाबरोबर, एक सरावावर, एक जोडीने स्वतंत्र कामावर, अशी फेरी आधी लिहून ठेवावी लागते आणि स्वतंत्र कामाची कार्डे खरोखर स्वतंत्रपणे करता येतील अशी असावी लागतात. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांनी टप्प्यांची शिडी आणि खुणा केलेली कार्डे वापरून हे पद्धतशीर बसवले. चेन्नई महापालिकेच्या शाळांनी २००३ पासून तोच धागा कृतियुक्त शिक्षणात उचलला.

पातळीप्रमाणे गट करण्याचा ‘प्रथम’ संस्थेने रुजवलेला मार्गही परिणामकारक आहे, एका अटीवर. गट दिवसातून तासदोन तासांपुरते असावेत आणि दर काही आठवड्यांनी मोडावेत. गट वर्षभर तसाच राहिला की मुले त्याला स्वतःच नाव देतात, आणि ते नाव ‘ढ’ असते.

अभ्यासक्रमातला बदल समाजाला पटवणे हेही या कामाचेच अंग आहे. मराठीत बत्तीस म्हणताना दोन आधी ऐकू येतात, लिहिताना तीन आधी येतो; एकोणतिसात तीस ऐकून दोनाने सुरुवात करावी लागते. म्हणून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’, ‘तीस दोन’ असे वाचनही रूढ नावांच्या जोडीला दिले गेले. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा हेतू अडखळणाऱ्या मुलांना पायरी देण्याचा होता. विधिमंडळापासून व्हॉट्सअॅपपर्यंत त्यावर विनोद झाले आणि मराठी बुडाल्याची ओरड झाली. ‘जोडीला’ हा शब्द बहुतेकांनी वाचलाच नाही. ज्यांच्या मुलांना एकोणसत्तर घरीच पाठ होते, त्यांचा आवाज या वादात मोठा होता.

शेवटचे काम दुरुस्तीचे, आणि तेच बहुधा गाळले जाते. नवा शिक्षणक्रम पहिल्या वर्षी कच्चाच असतो: कार्डावरची सूचना मुलांना कळत नाही, दोन आठवड्यांचा घटक पाच आठवडे घेतो, एखादी कृती पावसाळ्यात करताच येत नाही. हे शिक्षकाच्या टाचणवहीच्या समासात लिहिलेले असते. मार्चमध्ये त्या वह्या गोळा करून, चार शिक्षकांना आठवडाभर मोकळे करून, दुसरी आवृत्ती करायला हवी. एक वर्ष थोड्या शाळांत चालवून पाहिल्याशिवाय आणि समासातल्या त्या नोंदी वाचल्याशिवाय कोणताही कार्यक्रम राज्यभर छापून पाठवू नये.