शेजघर, बाराबंदी आणि डाळिंबाची साल

दिवाळीची सुट्टी संपत आली की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या शाळांमधून मला फोन यायला लागतात. स्नेहसंमेलन डिसेंबर-जानेवारीत, पाठोपाठ 19 फेब्रुवारीची शिवजयंती. मागणी ठरलेली: तीसचाळीस मावळे, एक महाराज, एक जिजाऊ, दोन सरदार, आणि पैसे जवळजवळ नाहीत. "मग भाड्यानेच आणू का हो ताई ड्रेस?" असं बाई विचारतात. मी नको म्हणते, आणि का नको ते दरवर्षी नव्यानं सांगते.

भाड्याचा पोशाख म्हणजे सॅटिन, पॉलिस्टरचं मखमल आणि वर चिकटवलेली लेस. पाठीला चेन. घालणारं पोर घामानं भिजतं, आणि स्टेजचे दिवे लागले की कापड इतकं चकाकतं की चेहरा दिसेनासा होतो. आपल्याकडे 'ऐतिहासिक' म्हणजे लखलखीत आणि म्हणून महाग, असं डोक्यात बसलं आहे. इतकी वर्षं कपडे बेतून, जुने कपडे पाहून माझं मत याच्या बरोबर उलट झालं आहे. जुन्या पोशाखाचा थाट त्याच्या बेतण्यात होता. आणि ते बेतणं मुळातच काटकसरीचं होतं.

बाराबंदी घ्या. पाठीचा एक सरळ तुकडा, पुढून एकमेकांवर येणारे दोन, सरळ बाह्या, घेरासाठी बाजूला कळ्या, काखेत चौबगला आणि कापडाचेच बारा बंद. सगळे तुकडे चौकोनी, नाहीतर तिरके छेदलेले. हातमागावरच्या कापडामागे कातण्या-विणण्याची एवढी मेहनत असायची की शिंपी त्यातली चिंधीही वाया जाऊ देत नसे. एका लांब चौकोनाला तिरका छेद दिला की दोन कळ्या निघतात. एक उलटी फिरवून जोडली की घेर तयार. आजचा टेलर शर्टाच्या सवयीनं गोल मुंढा कापतो, तिथं कापड वाया जातं आणि रूपही बिघडतं. चौबगला तर मी कुणालाच गाळू देत नाही. काखेतला तो तळहाताएवढा चौकोन नसेल तर मावळ्यानं तलवार उगारली की अख्खा अंगरखा बेंबीपर्यंत वर चढतो. तो असेल तर हात मोकळा वर जातो आणि कापड जागच्या जागी राहतं. पाचवीतल्या मुलाच्या बाराबंदीला 36 इंची पन्ह्याचं मांजरपाट पावणेदोन मीटर पुरतं. चेन नाही, बटण नाही, काज नाही. बंद सैल-घट्ट करता येतात, म्हणून तीच बाराबंदी पुढच्या वर्षी थोड्या थोराड पोरालाही होते.

नमुना पाहायचा तर इंदापूरहून सोलापूरला जावं. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरते, गड्ड्याची जत्रा म्हणतात ती. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत मानकरी आणि भक्त पांढरीशुभ्र बाराबंदी घालून चालतात. नंदीध्वजाचं ओझं पेलत, तोल सावरत निघालेल्या माणसाच्या अंगावर ती कशी बसते, कुठे चुणी पडते, बंद कुठे बांधलेत, हे तिथं डोळ्यांनी दिसतं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी आधी ती मिरवणूक पाहून यायला सांगते, मगच कात्री हातात देते.

दुसरी अडचण काळाची. इथं सगळ्यांना एकच काळ माहीत असतो आणि तोही सिनेमातला. खरं तर आमच्या दोन तालुक्यांत तीन वेगळे काळ नांदून गेले. इंदापूरला मालोजीराजांची गढी आहे. ते इथंच लढाईत पडले. हा निजामशाहीचा काळ. तेव्हाच्या अहमदनगरच्या चित्रांत पांढऱ्या तलम कापडाचे जामे दिसतात आणि कमरेला पटका, त्याची नक्षीदार टोकं पुढे सोडलेली. सुपे हा शहाजीराजांच्या जहागिरीतला परगणा. तिथली कथा करायची तर शिवकाल. आणि बारामतीत कऱ्हेकाठी बाबूजी नाईकांचा वाडा, म्हणजे ऐन पेशवाई. मालोजीराजे ते नाईकांच्या आश्रयाला राहिलेले कवी मोरोपंत यांत दीडशे वर्षांहून जास्त अंतर आहे. तेवढ्यात पागोट्याचा आकार, जाम्याची लांबी, बाहीची चुणी, सगळं बदललं. मालोजीराजांच्या डोक्यावर पेशवाई पगडी ठेवली तर पोरं चूक शिकून घरी जातात, आणि लहानपणी डोळ्यांत बसलेलं चित्र सहसा पुसलं जात नाही.

याचा मोठा दाखला आपल्याकडेच घडलेला आहे. शिवाजी महाराजांचं म्हणून छापलं जाणारं एक चित्र भलत्याच माणसाचं होतं, आणि लोक ते भक्तिभावानं भिंतीवर लावत होते. वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांतून महाराजांचं अस्सल चित्र शोधून 1933 मध्ये प्रसिद्ध केलं. महाराजांच्या काळाजवळची जी चित्रं परदेशांतल्या संग्रहांत आहेत, त्यांत जामा, कमरेचा पटका, डोक्याला बांधलेलं वस्त्र, त्यावर तुरा असा नेटका पोशाख दिसतो. महाराजांची भूमिका करणाऱ्या मुलासाठी मी हीच चित्रं समोर ठेवते. पांढऱ्या मलमलीचा जामा, एकच चांगला पटका, आणि जर असलीच तर फक्त त्या पटक्याच्या टोकाला. सगळीकडे जर लावली की ती कुठेच दिसत नाही.

मावळ्याचं तर याहून सोपं. मुंडाशाला जुनं धोतर फाडून घ्यायचं, पायांत गुडघ्यापर्यंतचा चोळणा, खांद्यावर घोंगडी. ती विकत आणायची नाही. या भागात धनगरांची वस्ती मोठी; निम्म्या पोरांच्या घरी आज्याची घोंगडी असतेच. सणगरांनी चिंचोक्याची खळ देऊन विणलेली जुनी घोंगडी खांद्यावर पडली की पोराची चालच बदलते.

रंगासाठी मी बाजारच्या पुड्या सहसा घेत नाही. इंदापूर तालुका डाळिंबाचा. फुटलेली, डागाळलेली फळं बांधावर पडलेली असतात, त्यांच्या साली वाळवून ठेवाव्यात. कापड आधी साबणात उकळून खळ काढून टाकायची, नाहीतर रंग धरत नाही. मग तुरटीच्या कोमट पाण्यात रात्रभर, आणि दुसऱ्या दिवशी सालींच्या काढ्यात तासभर मंद आचेवर. मोहरीच्या फुलासारखा पिवळा येतो. त्याच काढ्यातून निघालेलं कापड लोखंडाच्या पाण्यात बुडवलं तर राखी, आणि पुन्हा पुन्हा बुडवलं तर जवळजवळ काळं. लोखंडाचं पाणी म्हणजे गंजके खिळे आणि गूळ पाण्यात घालून दोन-तीन आठवडे आंबवलेलं. उसाच्या मुलखात गुळाला काय तोटा! कातानं तपकिरी मिळतो. या तीन-चार रंगांत अख्खा प्रवेश उभा राहतो. एका भांड्यातून निघालेली दोन कापडंही तंतोतंत सारखी नसतात, म्हणून चाळीस मावळे चाळीस माणसं वाटतात.

बायकांच्या पोशाखात शिवायचं जवळजवळ काहीच नाही. नऊ वार साडी, खणाची चोळी, पुढे गाठ. आजीच्या ट्रंकेतलं इरकली लुगडं कडेला विरलं असेल तरी नेसल्यावर ती कड निऱ्यांत जाते. शिवलेली नऊवारी सोयीची आहे, मान्य. पण मुलींना नेसायला शिकवलंच पाहिजे असा माझा हट्ट असतो. पायांमधून घेतलेला काष्टा किती घट्ट खोचायचा, हे हाताला कळल्याशिवाय जिजाऊ झालेली मुलगी ताठ चालत नाही.

एक गोष्ट मात्र कडकपणे सांगते. मशाली, समया, फुलबाज्या यांच्या जवळ पॉलिस्टर घातलेलं मूल उभं करू नका. सुती कापडही पेटतं, त्यालाही आगीपासून लांबच ठेवायचं. पण पॉलिस्टर वितळतं आणि कातडीला चिकटतं. मशालीला बॅटरीचा दिवा लावा. पालक नाराज झाले तरी चालेल.

साध्या पोशाखात उभं राहिलेलं मोठं काम पाहायचं असेल तर आपल्या माणसांनी ते करून ठेवलं आहे. कोल्हापूरच्या भानू अथैयांना 'गांधी'च्या वेशभूषेसाठी 1983 मध्ये ऑस्कर मिळालं, भारतीयाला मिळालेलं पहिलं. त्या चित्रपटात खादी आणि धुऊन मऊ पडलेलं सुती कापडच डोळ्यांत भरतं. आणि 1972 चं नाटक 'घाशीराम कोतवाल'. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल, आमच्या शेजारच्या दौंडला डॉक्टरी करणारे. धोतर-उपरण्यातल्या माणसांची एक रांग, तीच भिंत, तीच हलती-डुलती पेशवाई. पुणं उभं करायला रंगवलेला वाडा लागला नाही.

ही भिंत मला घरं सजवतानाही आठवते. अलीकडे लोक शेजघर 'पेशवाई' करून मागतात. इंदापूरकडच्या एका कुटुंबानं मुलाच्या लग्नाआधी मला बोलावलं. उजनी धरणाच्या पाण्याखाली जुनं पळसदेव गेलं, तेव्हा तिथून उठून आलेलं हे घर. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसनाथाचं देऊळ वर येतं, तेवढाच त्यांचा जुना गाव. खोली दहा बाय बारा. मनात होतं सोनेरी वॉलपेपर, पीओपीच्या कमानी आणि सिंहासनासारखा पलंग. मी आधी खोलीतलं सामान बाहेर काढायला लावलं. नवरदेवाची आई घाबरून म्हणाली, "अहो ताई, सगळंच काढलं, आता लावणार काय?"

वाड्यातली खोली रिकामीच असायची. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. त्याच्या भिंतींवर चित्रं आहेत, नानांचा पलंगही आहे. पुण्यात केळकर संग्रहालयात कोथरूडहून आणून उभारलेला मस्तानी महाल आहे. दोन्हीकडे पाहावं की सामान किती कमी आणि भिंत किती कामाची. कोनाडा, फडताळ, खुंटी, सगळं भिंतीतच. जमिनीवर बैठक, लोड, तक्के. संध्याकाळी गादी पसरायची, सकाळी गुंडाळून ठेवायची. पलंग असलाच तर एक.

म्हणून त्या खोलीत आम्ही असं केलं. वळचणीला पडलेले दोन सागवानी खांब होते, जुन्या गावातून उचलून आणलेले. ते घासून तेल पाजलं आणि पलंगामागे भिंतीला टेकवून उभे केले, वर आडवी तुळई. तोच मखर, तोच पलंगाचा माथा. रंग चुन्यात पिवळी माती मिसळून दिला. भिंत साध्या गिलाव्याची होती म्हणून चुना धरला. फ्लॅटच्या प्लॅस्टिक पेंटवर चुना टिकत नाही, पापुद्रे सुटतात; तिथं चमक नसलेला साधा डिस्टेंपर हळदी रंगात द्यावा आणि खाली हातभर उंचीचा गेरूचा पट्टा ओढावा. पिंजाऱ्याकडून जुन्या गाद्यांचा कापूस पिंजून घेतला, त्यातच दोन लोड आणि चार तक्के भरले. अभ्रे सालीच्या रंगातल्या मांजरपाटाचे, कडेला खणाचा गोट. छताला आजीची दोन जीर्ण लुगडी जोडून चांदवा ताणला. ट्यूबलाइट काढून कोपऱ्यातल्या लामणदिव्यात पिवळसर बल्ब बसवला, कारण वरून पांढरा उजेड पडला तर बाकी सगळी मेहनत फुकट जाते. विकत आणलं ते रंग, चुना, खणाचे दोन तुकडे, पितळी खुंट्या आणि वायर. आजी येऊन खांबावर हात फिरवून गेल्या, म्हणाल्या, "ह्यो माजघरातला. ह्येला माझा पाळणा टांगला व्हता."

लोक विचारतात, रोज राहायला हे जमतं का? जमतं, पण कपाट कुठेतरी हवंच. ते शेजघराबाहेर न्यावं, आणि नेता येत नसेल तर त्याच्यावर भिंतीच्या रंगाचा सुती पडदा सोडावा. चार्जर, मोबाइल, पाण्याची बाटली यांच्यासाठी एक फडताळ राखून ठेवावं, दार लावलेलं. खोलीभर पितळेची शोभेची भांडी मांडायला मात्र मी साफ मना करते. वाड्यात भांडं असायचं ते वापरायचं, आणि वापरातलं भांडं रोज घासलं जातं.

यंदा मी दोन्ही तालुक्यांतल्या काही शिक्षकांपुढे एक प्रस्ताव ठेवला आहे. प्रत्येक शाळेनं दरवर्षी नवे पोशाख करण्यापेक्षा पाच-सहा शाळांनी मिळून दोन मोठ्या ट्रंका कराव्यात. त्यांत साठ बाराबंद्या, साठ चोळणे, वीस पटके, घरोघरून आलेली लुगडी. प्रत्येक कपड्याच्या आतल्या बाजूला मापाची आणि काळाची चिठ्ठी टाचलेली: निजामशाही, शिवकाल, पेशवाई. धुऊन, सावलीत वाळवून, घडीत कडुनिंबाचा पाला घालून ठेवायचं. शिवण पालकांपैकी ज्यांच्याकडे मशीन आहे त्यांनी वाटून घ्यायची, कळ्या आणि चौबगले मी कापून देईन. पहिलं नाटक बारामतीचं असावं अशी माझी इच्छा आहे. पन्हाळ्याहून इथं येऊन बाबूजी नाईकांच्या आश्रयानं राहिलेले आणि 1794 मध्ये इथंच गेलेले मोरोपंत. धोतर, बाराबंदी, उपरणं, पगडी, समोर एक चौरंग आणि पोथी. मांजरपाटाचा तागा मी आणून ठेवला आहे.