सुपारी, चुना आणि ग्वानिन

कर्करोग आणि ऑक्सिडीकरण यांच्या नात्यावर सर्वांना समजेल असं लिहा, असा संपादकांचा आग्रह आहे. आग्रह रास्त आहे, पण समजेल असं सांगण्याच्या नादात या विषयाचं आधीच पुष्कळ वाटोळं झालं आहे. शरीर आतून गंजतं, गंजलेल्या पेशींचा कर्करोग होतो, म्हणून अँटीऑक्सिडंट घ्या, ही तीन विधानं रसाच्या बाटल्यांपासून गोळ्यांच्या डब्यांपर्यंत सगळीकडे छापलेली दिसतात. यातलं पहिलं अर्धं खरं, दुसरं उतावळं आणि तिसरं, आजवरच्या पुराव्यानुसार, काहींच्या जिवावर बेतणारं आहे. शहापूर तालुक्यातल्या शेणवा, किन्हवली, डोळखांब आणि पलीकडे मुरबाड, टोकावडे या पट्ट्यातल्या वाचकांना हे नीट सांगायला हवं, कारण डीएनएला ऑक्सिडीकरणाने होणाऱ्या इजेचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण इथल्या कित्येक माणसांच्या गालात रोज घडत असतं. सुपारी, कात आणि चुना हे ते उदाहरण.

पेशी ऑक्सिजन वापरते तेव्हा त्यातला थोडा अर्धवट अवस्थेत निसटतो. त्याचं सुपरऑक्साइड होतं, पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि लोह किंवा तांबं जवळ असेल तर हायड्रॉक्सिल हा फ्री रॅडिकल. हा इतका आक्रमक असतो की जिथे तयार होतो तिथेच शेजारच्या रेणूवर तुटून पडतो. डीएनएच्या चार अक्षरांपैकी ग्वानिनला याची झळ सगळ्यात सहज लागते आणि त्याचं ८-ऑक्सोग्वानिन बनतं. जपानमध्ये कासाई आणि निशिमुरा यांनी १९८४ मध्ये हे दाखवलं. ग्वानिनची जोडी सायटोसिनशी जुळायला हवी, पण हे बिघडलेलं अक्षर ॲडेनिनशीही जुळतं, आणि पेशी पुन्हा विभागली की ग्वानिनच्या जागी थायमिन कायमचं बसतं. मात्र लोखंड आपला गंज स्वतः काढत नाही, पेशी काढते. ओजीजी-१ हे एन्झाइम बिघडलेलं ग्वानिन कापून टाकतं, म्यूटीएच हे दुसरं एन्झाइम त्याच्यासमोर चुकून बसलेलं ॲडेनिन काढतं. ही इजा खरोखर कर्करोगापर्यंत नेते का, याचा माझ्या मते सर्वांत भक्कम पुरावा २००२ मध्ये कार्डिफहून आला. म्यूटीएचच्या जनुकाच्या दोन्ही प्रती जन्मतः सदोष असलेल्या माणसांच्या मोठ्या आतड्यात गाठी उगवतात, त्यांतून कर्करोग होतो, आणि त्या गाठींच्या डीएनएत नेमका हाच ग्वानिनचा थायमिन झालेला सापडतो. उलट, नुसतं ओजीजी-१ काढून टाकलेल्या उंदरांत बिघडलेलं ग्वानिन साचलं तरी गाठी फारशा वाढल्या नाहीत. दोन्ही एन्झाइमं काढली तेव्हा वाढल्या. म्हणजे इजा होणं आणि ती दुरुस्त न होता टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कर्करोगाला दुसरी लागते.

इथे एका वादाबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. एका पेशीच्या डीएनएला रोज अमुक हजार घाव बसतात, असे आकडे लोकप्रिय लेखांत अजून फिरतात. त्यांतले बरेचसे जुन्या मोजमापांवर उभे आहेत. पेशीतून डीएनए काढताना, तो कोरडा करताना, तापवताना हवेतला ऑक्सिजन त्याला लागतो आणि मोजणाराच ग्वानिन बिघडवत जातो. एकाच प्रकारच्या पेशींसाठी वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे आकडे हजारपटींनी वेगळे येऊ लागले, तेव्हा युरोपातल्या प्रयोगशाळांनी एस्कॉड नावाचा गट करून एकच नमुना आपापसांत वाटून मोजला, आणि खरी पातळी पूर्वीच्या बऱ्याच दाव्यांपेक्षा पुष्कळ कमी निघाली. हे किचकट वाटेल, पण आपल्या शरीरातला ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ मोजून देतो म्हणणाऱ्या कुणालाही तो कसा मोजला हे विचारण्याचा हक्क वाचकाला यातूनच मिळतो.

आता सुपारी. तिच्यात कॅटेचिन आणि टॅनिन भरपूर असतात, कातातही असतात. ग्रीन टीच्या पाकिटावर अँटीऑक्सिडंट म्हणून मिरवणाऱ्या कुळातलेच हे पदार्थ. चुन्यामुळे पीएच साडेनऊच्या वर गेला की हेच पदार्थ स्वतः ऑक्सिडीकृत होतात आणि सुपरऑक्साइड व पेरॉक्साइड सोडू लागतात. उर्मिला नायर, हेल्मुट बार्ट्श आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये हे परीक्षानळीत दाखवलं, आणि अशा मिश्रणात ठेवलेल्या डीएनएत बिघडलेलं ग्वानिनही मोजलं. आक्षेप योग्यच होता: परीक्षानळी म्हणजे तोंड नव्हे, आणि लाळ ही क्रिया दाबते असं त्याच प्रयोगात दिसलं होतं. त्याचं उत्तर १९९५ मध्ये मिळालं. प्रत्यक्ष विडा चघळणाऱ्यांच्या लाळेत हायड्रॉक्सिल तयार झाल्याची रासायनिक खूण सापडली. पापुआ न्यू गिनीत चुना वेगळा, ओठांच्या कोपऱ्याशी लावतात; तिथले तोंडाचे कर्करोग बहुतेक त्याच जागी आढळले. दुसरा आक्षेप असा की दोष तंबाखूचा आहे. तंबाखूतले नायट्रोसअमाइन्स हे प्रमुख कर्कजनक आहेत हे निर्विवाद. दातांना लावतात त्या मिश्रीत तर तंबाखू भाजल्याने बेंझोपायरीनची भर पडते. पण तंबाखू नसलेला सुपारीचा विडाही माणसात कर्करोग घडवतो, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००३ मध्ये काढला. तो सगळा ऑक्सिडीकरणामुळेच होतो असं मी म्हणणार नाही. सुपारीचेही स्वतःचे नायट्रोसअमाइन्स बनतात, आणि सततच्या घर्षणाने व दाहाने पेशी वेगाने विभागत राहतात, त्यामुळे दुरुस्तीला वेळ कमी मिळतो.

मग अँटीऑक्सिडंटच्या गोळीने हे टळेल का? फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुष धूम्रपान करणाऱ्यांवर हा प्रयोग झाला. १९९४ मध्ये निकाल आला: बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेतली तशीच चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. ही माणसं धूम्रपानाने आधीच पोखरलेली होती, असं म्हणावं तर निरोगी पुरुषांना ई जीवनसत्त्व देणाऱ्या सिलेक्ट चाचणीत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढलेला २०११ मध्ये दिसला. स्वीडनमधल्या उंदरांवरच्या प्रयोगांनी २०१४ मध्ये एक कारण सुचवलं: सुरू झालेल्या गाठीच्या पेशींनाही ऑक्सिडीकरणाचा त्रास होतो, आणि गोळी त्यांचंच रक्षण करते. करवंदं, जांभळं, रानभाज्या जरूर खा, त्याला माझा विरोध नाही. पण त्यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या अर्कांना ही शिफारस लागू होत नाही.

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते, आणि सुट्या सुपारीला, चुन्याच्या डबीला कुणी विचारत नाही. चंची बाळगणाऱ्या आजीला ग्वानिन समजावण्याची गरज नाही. घरातल्या शिकलेल्या मुलांनी एवढं करावं: तोंड उघडल्यावर उभी तीन बोटं आत जात नसतील, गालात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात तिला लगेच घेऊन जावं, आणि अँटीऑक्सिडंटच्या बाटलीचे पैसे एसटीच्या भाड्याला वापरावेत.