खोकं उघडायलाच हवं : जुन्या प्लॅस्टिक किटला अनावृत पत्र

प्रिय जुन्या मॉडेल किट,



तुझी खरेदी-विक्री करणारी माणसं एकत्र आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : सील शाबूत आहे ना? पन्नास-साठ वर्षांपूर्वी कारखान्यात गुंडाळलेलं वरचं पातळ प्लॅस्टिक फाटलं नसेल तर भाव वेगळा, फाटलं असेल तर वेगळा. आतला माल कुठल्या अवस्थेत आहे, याची चौकशी कुणी करत नाही. मला हे पटत नाही. तुला जपायचं असेल तर तुझं खोकं उघडायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. पत्र तुझ्या नावानं लिहितोय, पण घोडेगावात, मंचरला, नारायणगावला किंवा जुन्नरच्या एखाद्या जुन्या वाड्यात कुणाच्या माळ्यावर तू पडून असशील, तर त्या घरातल्यांनीही ते वाचावं.

आमच्याकडे तू आलंस ते मुंबईमार्गे. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, अकोले इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत डबे पोचवतात. माझे थोरले चुलते त्यांच्यातलेच. एका गिऱ्हाईकाची मुलं मोठी झाली, घरातली अडगळ निघाली, तेव्हा ‘तुमच्या पोरांना न्या’ म्हणून दिलेलं एक खोकं त्यांनी एसटीतून गावी आणलं. आत एअरफिक्सचं विमान होतं, न जोडलेलं. आयातीवर परवाने होते त्या काळात परदेशी खेळणं तालुक्याच्या गावात दिसणं हीच अपूर्वाई. पुढं मी भोसरीत आणि नंतर चाकणला टूल रूममध्ये नोकरी केली, प्लॅस्टिकच्या साच्यांवर हात बसला, आणि मग पुण्याच्या जुन्या बाजारात, ओळखीपाळखीतून, परदेशी असलेल्या नातेवाइकांच्या मार्फत तुला शोधत राहिलो.

आता तुझ्या पोटात काय चालतं ते सांगतो. जुन्या मोटारींच्या किटमध्ये चाकांना मऊ व्हिनाइलचे टायर दिलेले असतात. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात एक तेलकट द्रव्य मिसळतात. ते वर्षानुवर्षं बाहेर झिरपतं आणि टायर ज्या कडक पॉलिस्टायरीनच्या भागाला टेकलेला असतो तो विरघळवत जातं. वरून सील तसंच, चित्र तसंच, भाव तसाच. उघडून पाहावं तर बॉनेटवर टायरच्या नक्षीसकट वळ उमटलेला, टायर त्यातच चिकटून बसलेला, आणि ओढून काढला तर बॉनेटचा पापुद्रा हातात. हे थांबवायला लागतं काय? टायर वेगळे काढून स्वतंत्र पिशवीत ठेवायचे, एवढंच. पण त्यासाठी खोकं उघडावं लागतं. ज्यानं भावापायी ते उघडलं नाही, तो मोडकी मोटार जपत बसलेला असतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

गोंदाची नळीही तशीच. काही किटमध्ये ती आतच टाकलेली असे. धातूची नळी गंजते, गोंद गळतो, आणि गोंद म्हणजे प्लॅस्टिक विरघळवून सांधणारं द्रावण, त्यामुळं जवळचे भाग एकमेकांना कायमचे जोडले जातात, नको तिथं. उघडल्या उघडल्या आधी नळी बाहेर काढावी. मग डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं आणि आकडे. त्यांच्यावरचं वार्निश पिवळं पडतं, तडकतं. पिवळेपणावर जुना उपाय आहे आणि आमच्या हवेत तो झक्क लागू पडतो : डिकलचा कागद पारदर्शक पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवायचा. चैत्र-वैशाखाच्या उन्हात पिवळेपणा चांगलाच उतरतो. तडकलेल्या डिकलवर मात्र आधी वार्निशचा पातळ हात मारल्याशिवाय ते पाण्यात सोडू नये, तुकडे होतात.

आणि आमचा पाऊस. भीमाशंकर, आहुपे, नाणेघाट या पट्ट्यात जूनपासून जो लागतो त्याचा ओलावा घोडेगावच्या भिंतींतही उतरतो. पुठ्ठ्याला बुरशी येते, माहितीपत्रकाला कसर लागते. मी तुला नारायणगावच्या टोमॅटोच्या जाळीदार क्रेटमध्ये ठेवतो. जमिनीपासून वर, भिंतीपासून लांब, भाग आणि कागद वेगवेगळ्या पिशव्यांत, पिशवीत ओल शोषणाऱ्या पुड्या. वारा खेळता राहिला की पुठ्ठा टिकतो. लोखंडी कपाटात बंद करून ठेवलेलं किट पावसाळ्यानंतर कसं निघतं ते मी पाहिलेलं आहे.

उघडण्याचं दुसरं कारण माझ्या धंद्यातलं आहे. तू दुर्मीळ का झालंस हे खोक्यावर छापलेलं नसतं, ते साच्याच्या खुणांवरून कळतं. साचा पोलादाचा, दोन अर्ध्यांचा. वितळलेलं पॉलिस्टायरीन दाबानं आत शिरतं, थंड होतं, भाग जोडलेली फ्रेम बाहेर पडते. असे हजारो शॉट निघाले की कडा झिजतात, दोन अर्ध्यांच्या फटीत प्लॅस्टिक शिरायला लागतं आणि भागाभोवती पातळ पडदा येतो. चाकणचा कुठलाही मोल्डिंगवाला त्याला फ्लॅश म्हणेल. पंखाच्या कडेवरून नख फिरवलं की किट साच्याच्या तरुणपणीचं की म्हातारपणीचं याचा अंदाज येतो. खोक्यावरचं साल फसवू शकतं, कड सहसा फसवत नाही.

साचे फिरतातही, आणि तुझ्या घराण्याचा सगळा इतिहास त्या फिरण्यात आहे. इंग्लंडमधल्या फ्रॉग कंपनीनं १९३६ साली ‘पेंग्विन’ नावाची जगातली पहिली प्लॅस्टिकची जोडकिटं काढली. ती सेल्युलोज अॅसिटेटची. ते प्लॅस्टिक काळाबरोबर आकसतं, वाकतं, म्हणून आज ती सरळ अवस्थेत मिळणं दुरापास्त. पुढं फ्रॉग पॉलिस्टायरीनवर आली, आणि १९७०च्या दशकात तिचा कारभार गुंडाळला गेला तेव्हा बरेचसे साचे सोव्हिएत संघात गेले, ‘नोवो’ या नावानं तीच विमानं पुन्हा बाजारात आली. पण जर्मनी-जपानच्या युद्धविमानांचे साचे सोव्हिएतांनी घेतले नाहीत. त्यांच्या लेखी ती शत्रूची विमानं होती. त्यातले बरेच रेव्हेल या दुसऱ्या किटकंपनीकडं गेले. कुठलं किट विपुल मिळतं आणि कुठलं दिसेनासं होतं, हे असं ठरतं : महायुद्ध संपून तीस वर्षं झाल्यावर, एका करारातल्या यादीनं.

एअरफिक्सची गोष्ट मला आणखी जवळची वाटते. निकोलस कोव्ह या हंगेरीतून आलेल्या माणसानं १९३९ साली ती सुरू केली, आणि युद्धानंतर ती कंगवे करायची. इंजेक्शन मोल्डिंगचं यंत्र हाती होतं, म्हणून १९४९ साली फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या विक्रेत्यांसाठी तिनं ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती केली. तिथून मग १९५२ साली ‘गोल्डन हाइंड’ हे जहाज आलं. वूलवर्थच्या दुकानात, पिशवीत, दोन शिलिंगला. म्हणजे ज्या फर्ग्युसनचा वारस ‘मॅसी’ म्हणून आमच्या बटाट्याच्या नि कांद्याच्या रानात आजही नांगरतो, तोच एअरफिक्सच्या किटांच्या सुरुवातीला उभा आहे. हे मी शेतकऱ्यांना सांगतो तेव्हा ते खोक्याकडं वेगळ्या नजरेनं बघतात.

भारतात तुझी भावंडं झाली, पण वेगळ्या वाटेनं. डिंकी या ब्रिटिश खेळण्यांच्या मोटारींचे जुने साचे कोलकात्यात आले आणि ‘निकी टॉइज’ या नावानं धातूच्या गाड्या निघाल्या. गोव्यात फनस्कूलनं जी. आय. जोचे सैनिक ओतले, काही असे रंग वापरून की मूळच्या अमेरिकेत ते कधी दिसलेच नाहीत, आणि आज तिकडचे संग्राहक गोव्याचा माल शोधत असतात. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी १९९८ साली छोट्या रेल्वेचं संग्रहालय लोकांसाठी उघडलं. तिथं मला जे सर्वांत आवडतं ते हे की गाड्या धावतात. काचेमागं नुसत्या मांडून ठेवलेल्या नाहीत.

आता तक्रार. तुझ्यावर नाही, पण तुझ्याशिवाय कुणाला सांगू? आमचं म्हणावं असं काही तुझ्या घराण्यात फार कमी आहे. नॅट हे विमान घे. बंगळुरात हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं ते बांधलं, १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों ज्या विमानातून लढले आणि परमवीरचक्राचे मानकरी झाले, ते हे एकआसनी नॅट. एअरफिक्सनं मात्र साचा केला तो ब्रिटिश हवाई दलाच्या दोनआसनी शिकाऊ नॅटचा. बरोबरच आहे, त्यांच्या पोरांना त्यांचं विमान हवं होतं. ओझरला जे मिग-२१ बांधलं गेलं आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी हवाई दलातून निवृत्त झालं, त्याची किटं परदेशात पुष्कळ झाली. पण भारतीय खुणांचे डिकल हवे असले तर ते बहुधा वेगळे मागवावे लागत. एअरफिक्सच्या इंचभर उंचीच्या सैनिकांत रोमन होते, नेपोलियनचे होते, रॉबिन हुड होता. मावळा नव्हता.

हे कौशल्य आपल्याकडं नाही म्हणावं, तर तसंही नाही. दर दिवाळीला शिवनेरीच्या पायथ्यापासून डिंभ्यापर्यंत अंगणाअंगणांत किल्ले उभे राहतात. सात-आठ वर्षांची पोरं बुरुज कुठं आणि टाकं कुठं यावर तासन्‌तास वाद घालतात. २८ फेब्रुवारीला विज्ञानदिनी खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या आवारात शाळाशाळांतली मुलं स्वतः केलेली मॉडेलं मांडतात. आणि साचे? आमच्याच गावांतली पोरं रोज पहाटे कंपनीच्या बसनं चाकण-भोसरीला जातात आणि डॅशबोर्डपासून इंजेक्शनच्या सिरिंजपर्यंत शेकडो वस्तूंचे साचे घडवतात, सेट करतात, दुरुस्त करतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागात काम करणारे हात आहेत हे. मोठ्या पोलादी साच्याला लाखांनी पैसे लागतात हे मला माहीत आहे, ते आकडे मी स्वतः कोटेशनमध्ये पाहिलेत. पण छोटा, अॅल्युमिनियमचा, काही हजार शॉटपुरता साचा आवाक्याबाहेरचा नाही. कशाचा साचा करायचा? खोडदच्या एका अँटेनाची तबकडी ४५ मीटर व्यासाची. १/७२ या मापात ती साडेबासष्ट सेंटिमीटर होते, म्हणजे दोन फुटांहून थोडी मोठी. तबकडी पत्र्याची नाही, तारांच्या जाळीची आहे, त्यामुळं जाळी आणि दोर कसे ओतायचे हा अवघड प्रश्न उभा राहतो. मला असे प्रश्न आवडतात. त्या परिसरात अशा एकूण ३० अँटेना पसरलेल्या आहेत आणि जगभरचे खगोलशास्त्रज्ञ त्या वापरतात. तुझ्या कुळात अशा अँटेनाची प्रतिकृती मला कुठं आढळलेली नाही. ती यायला हवी.

तोवर मी जे हातात आहे त्यावर काम करतोय. ज्या किटचे भाग गहाळ आहेत, ज्यांची खोकी बुरशीनं गेलीत, त्यांच्या उरलेल्या फ्रेमा मी टाकत नाही. गरम करून ताणलेल्या फ्रेमच्या बारीक काड्या होतात, पंखांचे सपाट तुकडे भिंती होतात. किटमधून किट नसलेलं काहीतरी उभं करणं हा तुझ्या छंदातला जुना रिवाज आहे. मी त्यातून जुनं आंबेगाव करायला घेतलंय. ज्या गावाच्या नावानं आमचा तालुका ओळखला जातो ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. नव्या पिढीला तालुक्याचं नाव माहीत आहे, गावाचा आकार माहीत नाही. कुठल्याही कंपनीला त्याचा साचा करावासा वाटण्याचं कारण नव्हतं, आणि म्हणूनच ते करायला घेतलं.

माप १/७२ च ठेवलंय. सहा फुटी माणूस एक इंचाचा, म्हणजे तुझ्या खोक्यातले बैल, गाड्या, माणसं थेट चालतील. घोड नदीचा काठ नकाशावरून बसवला. घरांची जागा, पेठेची रुंदी, देवळाचं तोंड कुठं होतं, पार कुठल्या झाडाखाली होता, हे तिथं राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांकडून घेतोय. दोघं जण एकाच घराबद्दल वेगवेगळं सांगतात. मग तिसऱ्याकडं जातो. ज्यांना ते गाव पाठ आहे त्यांनी घोडेगावला यावं, बसावं, बोट ठेवून दाखवावं. भिंती अजून चिकटवलेल्या नाहीत, हलवता येतील.

तुझा,
घोडेगावचा एक संग्राहक