लिस्बनचे तीन दिवस

यंदा चिरंजिवांकडे जर्मनीस जाण्याचे ठरले, तेव्हा परतण्यापूर्वी एखादी राजधानी पाहून घ्यावी असा विचार निघाला. सूनबाईंनी पॅरिस सुचविले, रोम सुचविले. आम्हां उभयतांच्या तोंडून मात्र एकाच वेळी 'लिस्बन' निघाले आणि दोघेही चपापलो. फोंड्याच्या आमच्या घरात हे नाव हौसेने कधी घेतले गेले नव्हते. वडिलांनी आग्वादच्या तुरुंगात आठ महिने काढले होते. त्यांच्या लेखी लिस्बन म्हणजे हुकूम जेथून सुटत ते ठिकाण.

अवघे तीन दिवस. जेरोनिमुशचा मठ सोमवारी बंद असतो, म्हणून मंगळवार ते गुरुवार असा बेत धरला. शहर टेकड्यांवर वसलेले. अठ्ठावीस क्रमांकाची जुनी ट्राम चढ चढते खरी, पण तिच्यात गर्दी फार आणि खिसेकापूही फार, असे ऐकतो. आमच्यापैकी एकाचे गुडघे चढाला राजी नाहीत. तेव्हा पहिला दिवस नदीकाठच्या सपाट बायशा भागाला दिला. 1 नोव्हेंबर 1755 च्या भूकंपाने, त्यामागून आलेल्या लाटेने आणि आगीने तो भाग धुळीस मिळाला. पोंबालच्या मार्किसाने तो सरळ, काटकोनी रस्त्यांनी पुन्हा उभारला. वर कार्मूच्या मठाचे छप्पर मात्र तसेच कोसळलेले ठेवले आहे. आम्हाला ते फार आवडले. पडलेले पडलेच आहे, असे सांगायलाही धैर्य लागते.

मग व्हिसाचा अर्ज आला. त्यात एक रकाना आहे: जन्मवेळचे राष्ट्रीयत्व, वेगळे असल्यास. आम्ही दोघेही 19 डिसेंबर 1961 पूर्वीचे. भारताचे नागरिक झालो ते 1962 च्या नागरिकत्व आदेशाने; त्याआधी कायद्याच्या दृष्टीने आम्ही कोण होतो? एकाचे म्हणणे, रकाना कोरा सोडावा. वडिलांनी तो शब्द कधी मान्य केला नसता. दुसऱ्याचे म्हणणे, ज्या सत्तेने तुरुंगात टाकले ती सत्ता होती, हे नाकारले तर तुरुंगही नाकारावा लागेल. दोन संध्याकाळी यात गेल्या. शेवटी 'पोर्तुगीज' असे लिहिले. अक्षर जरा वाकडे आले.

त्यानंतर बेत बदलला. बुधवारी सिंत्राचे राजवाडे पाहायचे होते, ते वगळले. त्याऐवजी उत्तरेस शंभरेक किलोमीटरवर समुद्रात घुसलेला पेनिशेचा किल्ला. 1946 च्या चळवळीनंतर त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांना तेथे डांबले होते. सालाझारच्या पोर्तुगीज विरोधकांनीही तेथेच वर्षे काढली, हे आमच्या पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. 2024 पासून तेथे राष्ट्रीय संग्रहालय आहे. लिस्बनमध्येच कॅथेड्रलजवळ अल्जूबचा जुना तुरुंग आहे. तोही 2015 पासून संग्रहालय झाला. मराठी शिक्षक म्हणून गोव्यात आलेले मोहन रानडे 1969 मध्ये सुटले ते कशियाशच्या किल्ल्यातून. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके किती झटले, ते येथील जुन्या मंडळींना सांगायला नको. कशियाश हे पर्यटनस्थळ नव्हे. पण कश्काइशकडे जाणारी लोकल तेथे थांबते. उतरून फलाटावर पाच मिनिटे उभे राहू. एवढेच.

सूनबाई म्हणतात, सहलीला निघालात की तुरुंगांच्या तपासणीला? बोलणे खोटे नाही. म्हणून गुरुवारची सकाळ बेलेंसाठी राखली आहे: मठ पाहायचा आणि जवळच्या दुकानातले गरम पाश्तेल खायचे. मठाच्या चर्चमध्ये शिरताच वास्को द गामाची समाधी लागते. कोचीत 1524 मध्ये वारलेल्या या माणसाच्या अस्थी 1880 साली येथे आणल्या गेल्या. त्याच्या नावाच्या गावी आमची चुलत बहीण दिलेली आहे आणि 'वास्कोला जाऊन येतो' असे आम्ही हजारदा म्हटले आहे. तिने एक फोटो मागितला आहे. समाधीचा काढावा की नदीचा, यावर अजून एकमत व्हायचे आहे.