सेंट्रल कुठपर्यंत?

झाशी सोडून बीनाकडे निघालं की लगेच बिजौली लागतं. मेल-एक्सप्रेस तिथे धूळ उडवत निघून जातात. माझं लहानपण तिथल्या रेल्वे क्वार्टरमधलं. घरात मराठी, अंगणापलीकडे बुंदेली.

बाबांच्या टाइमटेबलात घडीचा नकाशा असे. त्यात रेघेची जात रुळांच्या रुंदीवरून ठरे. ब्रॉडगेज ठसठशीत, तर ग्वाल्हेरहून श्योपूरला जाणारी नॅरोगेज केसाएवढी. झाशीला भलामोठा ठिपका. बिजौलीला काहीच नाही. मीच पेनाने एक टिंब दिलं आणि बाबांची बोलणी खाल्ली. पण त्या टिंबातून निघालेलं बोट न उचलता थेट व्हीटीपर्यंत जाई. सगळी मध्य रेल्वे! आजोबांच्या लेखी मुंबई परगाव नव्हतंच, आपल्याच रेल्वेचं दुसरं टोक होतं.

1991 साली नोकरीला मुंबईत आलो. पहिल्याच दिवशी एकाने विचारलं, "कुठली लाइन?" मी म्हणालो, "सेंट्रल." "स्टेशन?" "बिजौली." तो हसत सुटला. त्याची सेंट्रल कर्जत-कसाऱ्याला संपत होती.

लोकलच्या नकाशात मात्र मशीदला दादरएवढाच मान. हॅरी बेकने 1933 साली लंडनच्या भुयारी रेल्वेला विजेच्या जोडणीसारखा सरळ रेघांचा नकाशा दिला, त्याचीच ही पुण्याई. अंतरं खोटी, क्रम खरा. नावांचा हिशेब मला आजही लागत नाही. वेस्टर्न, सेंट्रल ही रेल्वेच्या कारभाराची नावं. हार्बर बंदरावरून, आणि तीही मुख्यतः सेंट्रलच चालवते. 2014 पासून आलेल्या मेट्रोला तर आकडे नि रंग. ज्यावर आमचा जीव टांगलेला असतो ते स्लो-फास्ट मात्र इंडिकेटरवर शोधायचं.

1 एप्रिल 2003 रोजी झाशी विभाग उत्तर मध्य रेल्वेत गेला. मुख्यालय अलाहाबादला. कागदावरची माझी सेंट्रल त्या दिवशी खरंच आखूड झाली. बाबा निवृत्त होते, तरी दोन दिवस घुम्यासारखे बसले.

मागच्या खेपेला पंजाब मेलने गेलो. बबीना गेल्यावर दारात उभा राहून रुळांकडेचे किलोमीटरचे आकडे वाचत होतो. अकराशेच्या वरचे. मुंबईपासून मोजलेले.